हलक्या कुऱ्हाडीचं कौतुक पुरे

गेल्या लेबर डेची गोष्ट. मिनेसोटातली आम्ही सहा मराठी कुटुंबं त्या सुट्टीला दर वर्षी लेक सुपीरियरच्या उत्तर किनाऱ्यावर तंबू टाकतो. संध्याकाळी शेकोटीची तयारी चालू होती. कॅम्पग्राउंडवरच विकत घेतलेली बर्चची लाकडं समोर पडली होती आणि पेटवणासाठी त्यांच्या बारीक ढलप्या करायच्या होत्या. एका मित्राने मोठ्या ऐटीत आपला नवा टॉमहॉक बाहेर काढला. टायटॅनियमचा. राखाडी रंग, कडेला निळसर-जांभळी झाक, किंमत साडेतीनशे डॉलर. तो हातोहात फिरला. ज्याने घेतला त्याने तळहातावर तोलून तेच म्हटलं, "अरे, याला वजनच नाही!" आम्हा मोठ्या माणसांपैकी एकानेही त्याची धार तपासली नाही. मीही नाही, आणि माझी तर निम्मी हयात धातूंत गेली आहे.

पाच मिनिटांनी माझ्या चौदा वर्षांच्या पुतण्याने तो हातात घेतला. दोन घाव लाकडात जेमतेम रुतले. म्हणून तिसरा त्याने जीव खाऊन मारला. पातं गाठीवर आदळलं, घसरलं आणि त्याच्या बुटाची कड कापून मातीत गेलं. बूट जाड होता म्हणून अंगठा वाचला. पोरगा पांढराफटक पडला होता. म्हणाला, "काका, मी नीटच मारली होती. ती आत जातच नव्हती."

त्याचं खरं होतं. पाय घावाच्या रेषेत ठेवून उभा राहिला ही चूक त्याची, आणि त्याला तसं उभं राहू दिलं ही माझी. पण ती आत जात नव्हती, हा दोष त्या हत्याराचा होता. आज लिहायला बसलो आहे ते त्याबद्दल. कारण त्या शेकोटीभोवती बसलेल्या आणखी दोघांनी तसाच टॉमहॉक मागवायचं ठरवलं होतं आणि तुमच्यापैकीही काही जण सुट्ट्यांच्या आधी तसलंच काही बघत असतील.

आधी एक सांगून ठेवतो. मी टायटॅनियमचा वैरी नाही. भोसरीला फोर्जिंग शॉपमध्ये पोलाद ठोकण्यात माझी आठ वर्षं गेली आणि इथे गेली सतरा वर्षं टायटॅनियम कापण्यात जात आहेत. हाडात बसवायचे स्क्रू आणि पट्ट्या आम्ही बनवतो. या धातूवर माझं घर चालतं. म्हणूनच मला तो भलत्या जागी बसवलेला बघवत नाही. माझं म्हणणं सरळ आहे: टॉमहॉक जर तोडण्यासाठी घेणार असाल तर पोलादाचा घ्या. टायटॅनियमचा टॉमहॉक वाहून न्यायला उत्तम असतो, वापरायला नाही.

टॉमहॉक म्हणजे काय ते आधी बघू. हा शब्द इथल्या मूळ रहिवाशांचा, व्हर्जिनियाच्या बाजूच्या अल्गाँक्वियन भाषेतला. सतराव्या शतकात इंग्रजांनी तो उचलला. आधीची हत्यारं दगडाची आणि लाकडाची होती. मग युरोपातले व्यापारी लोखंडी पाती घेऊन आले आणि कातड्यांच्या बदल्यात ती देऊ लागले. ही पाती पटापट पसरली. लोकांनी दगड टाकून लोखंड घेतलं ते नवं आणि चमकदार म्हणून नाही; दगडाला न येणारी धार लोखंडाला येत होती आणि बोथटली तरी पुन्हा लावता येत होती. हे लक्षात ठेवा, कारण "तुम्ही जुन्याला चिकटून बसणारे" हा आरोप माझ्यावर होणारच आहे. नवा धातू जरूर घ्यावा. तो जुन्यापेक्षा चांगला कापतो का, एवढंच विचारून घ्यावा.

त्या काळी पोलाद महाग होतं. म्हणून लोहार अंग साध्या लोखंडाचं करायचा आणि धारेपुरती पोलादाची पट्टी भट्टीत सांधून बसवायचा. तुमच्यापैकी जे गावात वाढले त्यांना हे ओळखीचं वाटेल. आमच्याकडेही कुऱ्हाडीला पोलाद घालून घ्यायचे आणि झिजली की लोहाराकडे शेवटायला द्यायचे. समुद्राच्या दोन बाजूंचे हे कारागीर एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दोघांनाही कळलं होतं की बाकी काहीही असो, तोंड पोलादाचं हवं.

दांड्याचीही गंमत बघा. पारंपरिक टॉमहॉकचा दांडा टिकावासारखा वरून घालतात. नेढं वर रुंद आणि खाली अरुंद, त्यामुळे फिरवताना पातं दांड्यावर आणखी घट्ट बसतं. पाचर लागत नाही. दांडा मोडला तर जंगलातली सरळ फांदी तासून नवा घालता येतो. आजचे बरेचसे टायटॅनियमचे टॉमहॉक मात्र एकाच जाड पत्र्यातून कापलेले असतात, पातं आणि दांडा एकसंध. दिसायला झकास. पण पत्र्याचं पातं पाचरीसारखं फुगत जात नाही, त्यामुळे ते लाकूड फाकवत नाही, त्यात नुसतं अडकून बसतं. आणि घावाचा सगळा हादरा थेट मनगटात येतो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथे तो मनगटास काळ होतो.

आता वजनाकडे येतो, कारण सगळी जाहिरात वजनावरच चालते. पोलादाची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ७.८५ ग्रॅम. हत्यारांत नेहमी वापरतात त्या टायटॅनियमच्या मिश्रधातूची सुमारे ४.४३. म्हणजे त्याच आकाराचं पातं पोलादात ६०० ग्रॅमचं असेल तर टायटॅनियममध्ये ते ३४० ग्रॅमच्या आसपास भरेल. पाठीवर घेऊन चालताना हा फायदाच आहे. पण कुऱ्हाड काम करते ती कशाने? तुम्ही तिला वर उचलता, वेग देता आणि मग पुढचं काम तिचं वजन करतं. वजन निम्म्याच्या जवळ आलं की त्याच वेगाने मारलेल्या घावातला जोरही निम्म्याच्या जवळ येतो.

यावर विक्रेत्यांचं ठरलेलं उत्तर असतं: हलकं आहे म्हणून वेगात फिरवता येतं. हिशोब करून बघा. तेवढाच जोर मिळवायला वेग एक तृतीयांशाने वाढवावा लागतो. पण तुम्ही नुसतं पातं फिरवत नसता, त्याच्यासोबत दांडा आणि स्वतःचा अख्खा हात फिरवत असता. हाताचं वजन काही टायटॅनियमने कमी होत नाही. त्यामुळे वेग थोडा वाढतो, एक तृतीयांशाने नाही. उरलेली कसर मग तुम्ही जोर लावून भरून काढता. माझ्या पुतण्याने तेच केलं. ज्याने जड कुऱ्हाड चालवली आहे त्याला ठाऊक असतं की चांगला घाव सैल हाताने पडतो. हलक्या हत्याराने माणूस आवळून मारतो, आणि आवळून मारलेला घाव भरकटतो.

पातं मोठं करून वजन भरून काढलं तर? मग हलकेपणाचे पैसे कशाला मोजले?

वजनापेक्षा धारेची बाब मला जास्त महत्त्वाची वाटते. धातूचा कठीणपणा मोजायची एक पद्धत आहे, रॉकवेल. हिऱ्याचं टोक धातूत दाबायचं आणि ते किती खोल गेलं ते बघायचं. आकडा जितका मोठा तितका धातू कठीण. चांगल्या पोलादी कुऱ्हाडीची धार ५२ ते ५८ च्या घरात असते. नेहमीचा टायटॅनियमचा मिश्रधातू ३६ च्या आसपास, भट्टीतले सगळे उपचार करून चाळिशीपर्यंत. थोडे अधिक कठीण मिश्रधातू आहेत, पण पोलादाच्या धारेपर्यंत त्यातलं नेहमीचं कुठलंच पोचत नाही.

कारण पोलादात कार्बन असतो. तापवून लाल केलेलं पोलाद झपकन थंड केलं की आतली रचना बदलते आणि ते कमालीचं कठीण होतं. मग थोडं पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा. यालाच आपण पाणी देणं म्हणतो. टायटॅनियमला या अर्थाने पाणी चढत नाही. त्याला धार लागते, नाही असं नाही. कानस मारली तर उलट चटकन लागते, कारण ते मऊ आहे. पण चटकन लागलेली ती धार तितक्याच चटकन वळते. बर्चच्या दोन गाठी लागल्या की गेली. आणि बोथट कुऱ्हाड ही धारदार कुऱ्हाडीपेक्षा जास्त घातक असते. धारदार पातं लाकडात रुततं, बोथट पातं लाकडावरून घसरतं. घसरलेलं पातं कुठे जातं ते आम्ही पाहिलं आहे.

काही कंपन्या यावर इलाज म्हणून धारेवर टंगस्टन कार्बाइडचा पातळ थर चढवतात. थर कठीण असतो, हे खरं. सुरीसाठी तो कामाचाही आहे. पण कुऱ्हाडीला धक्के खायचे असतात आणि ती वरचेवर घासायची असते. थर घासून गेला की खाली तेच मऊ टायटॅनियम.

इथे सुतारकामाची आवड असलेला एखादा वाचक मला अडवेल. "अहो, इथले सुतार टायटॅनियमचे हातोडे वापरतात. दिवसभर. त्याचं काय?" प्रश्न बरोबर आहे. घराचा सांगाडा उभारणारा माणूस दिवसभरात शेकडो खिळे ठोकतो. हलक्या डोक्याच्या हातोड्याने त्याच्या कोपराला आणि खांद्याला आराम पडतो, म्हणून तो दोनशेच्या वर डॉलर मोजतो आणि त्याचे ते पैसे वसूल होतात. पण त्या हातोड्यांतल्या नावाजलेल्या एकाचं, स्टिलेटोच्या टायबोनचं, तोंड बघा. डोकं टायटॅनियमचं, आणि खिळ्यावर आदळणारा भाग पोलादाचा, झिजला की बदलता येणारा. टायटॅनियमचे हातोडे विकणाऱ्यांनीच कबूल केलं आहे की जिथे मार बसतो तिथे पोलाद हवं. तिनशे वर्षांपूर्वीच्या लोहारानेही तेच केलं होतं. टॉमहॉकवाल्यांना मात्र हे कळायचं आहे, किंवा कळूनही सांगायचं नाही.

आता दुकानातली आणखी दोन वाक्यं. एक, "टायटॅनियम पोलादापेक्षा मजबूत आहे." हे वाक्य अर्धवट आहे. वजनाच्या मानाने मजबूत, हे पूर्ण वाक्य. विमानात आणि रॉकेटमध्ये ते वापरतात ते त्यामुळे. पण तेवढ्याच जाडीची, नीट पाणी दिलेली स्प्रिंगच्या पोलादाची पट्टी घेतली तर ती टायटॅनियमला मागे टाकते. शिवाय टायटॅनियम त्याच ताणाखाली जवळजवळ दुप्पट वाकतं. ते मोडणार नाही, परत सरळही होईल, पण खोक्याचं झाकण उचकटताना हातातली पहार स्प्रिंगसारखी वागली तर तुम्हाला आवडेल का? इथे 5१६० या क्रमांकाने ओळखलं जाणारं पोलाद ट्रकच्या कमानपाट्यांना वापरतात आणि टॉमहॉकलाही. आपल्याकडे भंगारातल्या कमानपाट्यांचे कोयते करणाऱ्या लोहाराला तो क्रमांक माहीत नसेल, पण पाटा कशाला चालतो ते पक्कं माहीत असतं.

दुसरं वाक्य मला खरोखर भीतिदायक वाटतं. माझ्या मित्राला विक्रेत्याने सांगितलं होतं की याने ठिणगी पडत नाही, गॅसगळतीच्या ठिकाणीही वापरा. साफ चूक! टायटॅनियम दगडावर किंवा काँक्रीटवर घासलं तर पांढऱ्याशुभ्र ठिणग्यांचा फवारा उडतो. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत गाड्यांच्या तळातून उडणाऱ्या ठिणग्या तुम्ही पाहिल्या असतील. तिथे २०१५ पासून तळाला टायटॅनियमचे तुकडे असतात, आणि ठिणग्या दिसाव्यात हा त्यामागचा एक हेतू होता. ठिणगी टाळायची असेल तिथे तांब्याच्या विशिष्ट मिश्रधातूंची हत्यारं वापरतात. टायटॅनियम चुंबकाला चिकटत नाही, एवढ्यावरून ते ठिणगी पाडत नाही असा अर्थ काढणं म्हणजे बर्फ पांढरा म्हणून मीठ गार असायला हवं असं म्हणण्यासारखं आहे.

आणि कृपा करून घरच्या गॅरेजमध्ये त्याला ग्राइंडरवर धार लावू नका. त्याची बारीक भुकटी पेट घेते, आणि पेटली की पाणी टाकून विझत नाही, उलट भडकते. आमच्या शॉपमध्ये त्यासाठी वेगळी व्यवस्था असते. तुमच्या गॅरेजमध्ये नसते.

आता दुसरी बाजू. ती न सांगता उठलो तर मीही त्या विक्रेत्यासारखाच.

टायटॅनियम गंजत नाही. मस्कत-दुबईला समुद्राकाठी राहणाऱ्या, मासेमारीला किंवा पाण्याखाली बुडी मारायला जाणाऱ्या वाचकाला खारं पाणी लोखंडाचं काय करतं हे वेगळं सांगायला नको. त्याच्या कमरेच्या सुरीसाठी टायटॅनियम छानच. सुरुंग काढणाऱ्यांना चुंबकाशी संबंध नसलेलं हत्यार लागतं, तिथेही ते हवं. आमच्या मिनेसोटाच्या हिवाळ्यात, उणे वीस-पंचवीसला, कठीण पोलादाची धार ठिसूळ होते आणि गोठलेल्या गाठीवर तिचा टवका उडू शकतो. जुने लाकूडतोडे कुऱ्हाड आधी थोडी उबवून घ्यायचे. टायटॅनियम थंडीला असं बिचकत नाही. आणि जे पाठीवर ग्रॅम ग्रॅम मोजून आठवडाभर डोंगर चढतात, ज्यांना तंबूची खुंटी ठोकण्यापलीकडे टॉमहॉकचं काम नाही, त्यांनी खुशाल टायटॅनियमचा न्यावा. तंबूच्या खुंट्याही टायटॅनियमच्या घ्याव्यात. त्या खरंच उत्तम असतात.

पण मला सांगा, आपल्यातले असे कितीजण? आपण गाडी तंबूच्या दारापर्यंत नेतो. कुलरमध्ये श्रीखंड असतं, मागच्या सीटवर कुकर असतो. तीनचारशे ग्रॅम वाचवून आपण नेमकं काय वाचवतो?

खरं कारण वेगळं आहे आणि ते आपल्याला बोलायला आवडत नाही. आपण बहुतेक जण शिकून, लेखणीवर आणि कीबोर्डवर पोट भरत इथे आलो. आपल्या आजोबांच्या घरी कुऱ्हाड होती, ती चालवणारी माणसंही होती, आणि पुष्कळ घरांत ती चालवणारा माणूस दुसराच असायचा. या देशात आल्यावर प्रथमच आपल्याला स्वतः लाकूड फोडायची हौस झाली. हौस चांगली आहे. पण जे हातात नाही ते आपण पाकिटातून भरून काढायला बघतो. धार लावायला दहा संध्याकाळी लागतात, म्हणून महाग धातू घेतो. तो महाग धातू धार लावायची अक्कल देत नाही, आणि ती नाही हे झाकून मात्र ठेवतो.

रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या किनाऱ्यावर कधी गेला असाल तर तिथली काळी वाळू आठवा. त्या काळेपणात इल्मेनाइट आहे, म्हणजे टायटॅनियमचं खनिज. जगभरात अशा खनिजातलं बहुतेक टायटॅनियम पांढऱ्या रंगात जातं, भिंतीच्या आणि कागदाच्या. थोडंसं धातू होतं आणि तो काढणं फार खटपटीचं, खर्चाचं काम आहे. एवढ्या कष्टाने हाती आलेला धातू विमानात जावा, मोडलेल्या हाडात जावा. बर्चच्या गाठीवर आपटून बोथट व्हायला त्याला कशाला आणायचा?

तेव्हा सुट्ट्यांच्या आधी एवढं करा. चाळीस-पन्नास डॉलरचा, घडवलेल्या पोलादाचा, हिकरीच्या दांड्याचा साधा टॉमहॉक घ्या. उरलेल्या पैशांत एक कानस, एक धारेचा दगड आणि जवसाच्या तेलाची बाटली. दांड्याला तेल पाजा, पात्यालाही गंज न चढण्यापुरता हात फिरवा. मुलांना आधी धार लावायला शिकवा, मग पाय कुठे ठेवायचे ते, आणि शेवटी घाव. आणि टायटॅनियमचा आधीच घेऊन बसला असाल तर त्याने खुंट्या ठोका. लाकडाजवळ नेऊ नका, आणि पोरांच्या हातात तर मुळीच देऊ नका.

पुतण्याने तो कापलेला बूट टाकू दिलेला नाही. या वर्षी तोच घालून येणार म्हणतो. मी त्याला पोलादी टॉमहॉक आणून दिला आहे. हातात घेतल्या घेतल्या म्हणाला, "काका, जड आहे की." म्हटलं, "असू दे. आधी धार बघ."